घिरट्या मोजायच्या नाहीत

माझ्या पहिल्याच सकाळी मी अकरा गरुड मोजले. नंतर कळलं की ते सगळे मिळून एक घार होती.

ती बिचारी झिलीवर, म्हणजे तिथल्या तळ्यावर, गोल गोल फिरत होती. पाण्याच्या टाकीमागे जायची, पुन्हा बाहेर यायची, आणि दर वेळी मी नव्या उत्साहाने कागदावर एक रेघ ओढायचो. रविवारी अंधारात उठून, मयूर विहारहून मेट्रो बदलत बदलत, पुढे रिक्षात हाडं खिळखिळी करून घेत फरीदाबादच्या पलीकडे आलेला माणूस रिकाम्या कागदाने कसा परतणार? अकरावी रेघ ओढत होतो तेवढ्यात मानेमागून आवाज आला.

"ओ मंत्रालय! काय लिहायलाय?"

"गरुड, साहेब. अकरा झाले." मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला, म्हणून ही हाक.

शिकलगारसाहेबांनी माझा कागद ओढून घेतला, वर बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"ही घार हाय. त्या टाकीवरच राहती. तुमच्या घराजवळ कचऱ्याचा डोंगर हाय, त्याच्यावर ढिगानं घारी असत्यात. कधी मान वर केली न्हाई? आपण हितं पाहुणे मोजायला बसलोय. तुम्ही घरमालकीणच अकरांदा मोजली!"

मग त्यांनी माझ्या रेघा खोडल्या. एक आडवी फुली मारून काम झालं असतं, पण नाही. एकेक रेघ स्वतंत्र खोडली, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं. माझी बायको वंदना शेजारच्या खुर्चीवर थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. तिने अतिशय सभ्यपणे तोंड पदराआड नेलं. त्या दिवशी तिने सलवार-कमीज घातला होता, म्हणजे पदर मुद्दाम कुठून तरी पैदा केला असणार.

आम्हाला तिथे धाडलं होतं आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी, दाभाड्यांनी. 'शरद ऋतूतील पक्षीनिरीक्षण, अल्पोपाहारासह' असा त्यांचा मेसेज ग्रुपवर आला आणि वंदनाने मला न विचारता दोघांची नावं दिली. कारण विचारलं तर म्हणाली, "रविवारी सोफ्यावर तुमच्या आकाराचा खड्डा पडायला लागलाय." अल्पोपाहार म्हणजे एक केळं निघालं. पण त्या केळ्यावर आम्ही पुढची सात-आठ वर्षं दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या झिलीच्या बांधावर जाऊन शिव्या खात होतो.

रशीद शिकलगार मूळचे मिरजेचे. हवामान खात्यात नोकरी झाली. सकाळी फुगा सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करत वाऱ्याची नोंद करायची, हे त्यांनी अर्धं आयुष्य केलं. निवृत्त झाले तेव्हा फरीदाबादला फ्लॅट घेतलेला होता, मान वर करायची सवय लागलेली होती, आणि फुगे मात्र सरकारकडे राहिले. मग ते गरुडांकडे वळले. पाऊस सरला की हिमालयापलीकडून गरुड, ससाणे, पाण्यावरून खालून खालून तरंगत जाणारे भोवते असे सगळे शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघतात. दिल्लीच्या कडेची ती झील त्यांच्या वाटेवर. शिकलगार बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि मोजायचे. पगार नाही, सर्टिफिकेट नाही, टोपी एक आणि तीही खात्याची.

मोजण्याची त्यांची पद्धत साधी होती आणि तिच्यापायी माणसं पळून जात. डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे विजेचा मोठा टॉवर. या दोहोंमध्ये आकाशात एक रेघ आहे असं धरायचं. जो पक्षी ती रेघ ओलांडून दक्षिणेला गेला आणि परतला नाही, तो एक. जो वर गोल फिरतोय तो अजून कोणीच नाही. "घिरट्या मोजायच्या न्हाईत," हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा यायचं की त्या बांधावरचे बगळेही ते म्हणू शकले असते. गरुड ऊन तापल्यावर निघतात, गरम हवेवर घिरट्या घेत घेत वर चढतात, आणि मग एकदम पंख ताणून सरळ निघून जातात. तो सरळ निघण्याचा क्षण पकडायचा. त्यासाठी अर्धा-पाऊण तास मान वर. मधे चहा नाही, गप्पा नाहीत. शमाभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दिलेलं भडंग स्टीलच्या डब्यात खुर्चीखाली असायचं, पण ऊन चढेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. हात डब्यात गेला की डोळा डब्यात जातो, असं त्यांचं म्हणणं. माझा डोळा सकाळपासून तिथेच असायचा हे त्यांना माहीत होतं. म्हणून डबा वंदनाच्या खुर्चीखाली ठेवायचे.

वंदनाला ते कधी ओरडले नाहीत. ती पक्ष्याकडे भाजी घेताना बघावं तसं बघायची. भोपळी मिरची उलटीपालटी करून देठ बघतात तसं. "शेपूट गोल आहे, पंखाची बोटं लांब, खालून मळकट," एवढं म्हणायची आणि नाव त्यांच्यावर सोडायची. माझं उलट. मी आधी नाव जाहीर करायचो आणि मग पक्षी त्यात बसवायला बघायचो. "तुमचं ऑफिसात बरं चालत असंल," असं ते एकदा म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

एरवी ते सौम्य होते असं लिहायला मला आवडलं असतं. नव्हते. रागीट होते, आणि सकाळी उठल्यापासून होते. एरवी शुद्ध ऑफिसी मराठी बोलायचे, राग आला की मिरज बाहेर यायची. म्हणजे मिरजच जास्त ऐकू यायची. बांधावर प्लास्टिक टाकणाऱ्यांवर राग, मोबाइलवर गाणी लावणाऱ्यांवर राग, 'साधारण शंभर' म्हणणाऱ्यांवर तर फारच. "साधारण म्हणजे काय? ब्याण्णव का एकशेआठ? मधले सोळा काय हवेत जन्मले?" पण त्यांच्या रागात एक शिस्त होती. जो समोर असेल त्याच्यावरच राग काढायचे. पाठीमागे कोणाबद्दल त्यांनी वाईट बोलल्याचं मला आठवत नाही.

एकदा एक मोठी पांढरी गाडी थेट बांधावर चढली. त्यातून तोफेसारखी लेन्स घेतलेला एक गृहस्थ उतरला. गरुड फार उंच आहेत म्हणून त्याने पिशवीतून चिकनचे तुकडे काढले आणि काठावर भिरकावले, म्हणजे ते खाली येतील आणि फोटो चांगला येईल. शिकलगार उठले. एकेक तुकडा हाताने उचलला, गाडीशी गेले, आणि उघड्या दारातून सगळे तुकडे पुढच्या सीटवर नीट ओळीने मांडले.

"अंकल! दिमाग ख़राब है क्या? आप जानते नहीं मैं कौन हूँ!"

"नहीं जानता," शिकलगार म्हणाले. "मैं आपको 'पहचान नहीं हुई' वाले खाने में लिख लूँगा।"

आणि खरंच लिहिलं. आमच्या कागदावर ओळख न पटलेल्या पक्ष्यांसाठी शेवटी एक रकाना असतो, त्यात शेरा टाकला: 'एक, पांढऱ्या गाडीतून.' हा कागद पुढे कोणी तज्ज्ञ वाचणार आहे याची मी आठवण करून दिली. म्हणाले, "वाचू दे की. आला होता ते खरं हाय."

आता त्या धुराच्या दिवसांबद्दल लिहायला हवं. ते लिहिताना माझंही डोकं तापतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. दिल्लीत त्या दिवसांत काय होतं ते दिल्लीकराला सांगायला नको. सूर्य म्हणजे ट्यूबलाइटच्या मागची एक पिवळी चकती. बांधावरून झील दिसत नव्हती, टाकी दिसत नव्हती, शेजारच्या खुर्चीतली वंदना तेवढी दिसत होती. अशा सकाळी गळ्यात ओळखपत्रं घातलेले दोघेजण आले. झिलीकाठचा बांध पाडून तिथे एक कंपनी काचेच्या इमारती आणि रात्री दिव्यांनी झगमगणारा फिरायचा रस्ता करणार होती. त्याआधी इथे पक्षी येतात की नाही याची पाहणी करायचा नियम होता. हे दोघे त्या पाहणीवर होते. तासभर उभे राहिले, मास्कच्या आत खोकले, आणि टॅबवर काहीतरी भरून निघाले.

"क्या लिखा?" शिकलगारांनी विचारलं.

"निल, सर."

"निल? आपको आसमान दिखा?"

"नहीं सर, स्मॉग है ना।"

"तो लिखिए, आसमान नहीं दिखा। चिड़िया नहीं है, ये आपको किसने बताया?"

"सर, फ़ॉर्मेट में वो ऑप्शन नहीं है।"

मी शिकलगारांना त्याआधी आणि नंतर पुष्कळदा संतापलेलं पाहिलं, पण तसं कधी नाही. सबंध नोकरीत ज्या माणसाने ढगात शिरलेल्या फुग्यापुढे 'फुगा नाही' असं एकदाही न लिहिता 'दिसत नाही' असं लिहिलं, त्याच्यापुढे उभं राहून एक पोरगेला इंजिनिअर शून्य घालून निघाला होता. ते गाडीमागे पार डांबरी रस्त्यापर्यंत ओरडत गेले. आम्हाला फक्त आवाज ऐकू येत होता. धुरात माणूस दिसत नव्हता, पण होता.

ती पाहणी तशीच छापून आली. 'शिकारी पक्ष्यांचे स्थलांतर आढळले नाही.' आणि जनसुनवाईची तारीख लागली. लोकांनी हरकती घ्यायच्या, मग सरकारने ठरवायचं. बांध राहतो की जातो हे त्या एका दुपारवर होतं, आणि आमच्या बाजूला होते फक्त शिकलगारांचे आकडे. दुसऱ्या कोणी तिथे कधी मोजलंच नव्हतं.

त्यांनी सगळ्या वर्षांचा एक तक्ता केला आणि छापायला दाभाड्यांकडे दिला. दाभाडे माणूस वाईट नाहीत. मंडळातल्या कोणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यात आधी पोचतात, गॅस सिलिंडर अडला तर आपला देतात. पण त्यांची हयात एका खात्याची अंदाजपत्रकं करण्यात गेली. दहा हवे असतील तर वीस मागायचे, वरचा साहेब निम्मे कापणारच, मग हातात बरोबर दहा उरतात. हे त्यांना लबाडी वाटत नाही. रिक्षावाल्याशी घासाघीस करतो तितकं साधं वाटतं. आम्ही सरकारी माणसं सगळी थोडीफार अशीच. फरक एवढाच की दाभाडे ते मनापासून करतात.

हॉलमध्ये पत्रकं वाटली गेली तेव्हा आम्ही तक्ता पहिल्यांदा पाहिला. वर झेपावणाऱ्या गरुडाचं रंगीत चित्र, आणि खाली प्रत्येक आकडा दुप्पट.

शिकलगारांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. बोट एकेका ओळीवरून खाली नेलं.

"दाभाडे, हे काय हाय?"

"साहेब, शांत राहा," दाभाडे कुजबुजले. "आपल्याला हीच पद्धत माहीत आहे. ते निम्मे कापतील. मग तुमचाच आकडा उरतो की नाही? बिल्कुल बरोबर तुमचाच!"

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. समोर टेबलामागे अधिकारी होते, बाजूला कंपनीचा कोट घातलेला माणूस. त्याने पत्रक उंच धरलं आणि गोड आवाजात विचारलं, "शिकलगार जी, ये आपके आँकड़े हैं?"

दाभाड्यांनी मागून त्यांच्या शर्टाचं टोक ओढलेलं मी पाहिलं. "हो म्हणा," असं सगळा हॉल न बोलता म्हणत होता. निदान आमच्या तीन रांगा तरी.

"नहीं," शिकलगार माइकमध्ये म्हणाले. "ये ग़लत हैं। मेरे इससे आधे हैं। वो सही हैं।"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "जब ये आपके अपने लोगों ने बढ़ाया, तो आधा भी सही है, ये हम कैसे मानें?"

हॉल हसला. कंपनीच्या बाजूचा तर हसलाच, आमच्या बाजूचेही दोघे-तिघे हसले. सवय असते.

"मत मानिए," शिकलगार म्हणाले. आवाज चढला. "कल सुबह आइए। मेरे साथ बैठिए, अपनी आँख से गिनिए। जितने दिखें उतने लिखिए। एक दिखे तो एक!"

"नेक्स्ट," अधिकारी म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही घोळका करून उभे राहिलो. आता मिरज फुटणार, म्हणून दाभाडे आधीच खांदे पाडून उभे होते. "साहेब, तुमच्यासाठीच केलं हो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शिकलगार ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दाभाडे, ती माणसं खोटं बोलली त्याचा त्यांना पगार मिळतो. तुम्ही फुकट बोललात," ते म्हणाले. "आणि माझे खरे पक्षी खोटे करून ठेवलेत."

मलाही राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो शिकलगारांचाही आला होता. एक 'हाँ जी' म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? पुढच्या रविवारी बांधावर मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, "साहेब, एकदा हो म्हणाला असतात तर कदाचित झील वाचली असती."

त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "वाचली असती. मग पुढल्या वर्षी हितं येऊन बसलं कोण असतं? मी? कशाला? घरी बसून दुप्पट करता आलं असतं की." मग थोड्या वेळाने, "वर बघा. तुमच्या बोलण्यात एक गेला."

बांध गेला. उन्हाळ्यात यंत्रं आली, पावसाळ्याआधी निळे पत्रे उभे राहिले. पुढची थंडी पडली तेव्हा शिकलगार मुलीकडे मिरजेला गेले, आणि तिकडेच एका सकाळी गेले. शमाभाभींनी फोनवर एवढंच सांगितलं की गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या ऑक्टोबरात, पत्र्यांच्या बाहेर.

आम्ही त्या दिवशी टॅक्सीने गेलो होतो. पत्र्याची भिंत आणि उघडं गटार यांच्यामध्ये जी पायरीएवढी जागा उरली होती तिथे त्यांनी खुर्ची टाकली होती. ट्रक इतक्या जवळून जात की टोपी एका हाताने धरावी लागत होती. खात्याचीच टोपी. भिंतीच्या वर इमारतीचा सांगाडा चढला होता, आणि विजेचा टॉवर त्याच्यामागे गडप झाला होता. टाकी दिसत होती. म्हणजे आकाशातली ती रेघ एका बाजूने सुरू व्हायची आणि मध्येच काँक्रीटमध्ये शिरायची.

आम्ही बसलो, म्हणजे उभे राहिलो. ऊन तापलं तसे सात गरुड टाकीवर आले. मोठे, तपकिरी, ओळखताना मीही चुकणार नाही असे. घिरट्या घेत वर चढले. शिकलगार उभे राहिले. ट्रकवाल्याने हॉर्न मारला, त्यांनी त्याला मिरजेतलं काहीतरी ऐकवलं, पण नजर वरच. गरुडांनी पंख ताणले, सरळ सुटले, आणि सातच्या सात सांगाड्यामागे गेले.

आम्ही वाट पाहत राहिलो. दुसऱ्या बाजूला आकाशच नव्हतं, पत्राच होता.

"गेले?" मी विचारलं.

"कसं सांगू?" ते माझ्यावर उखडले. "पल्याड गेले का वळून परत खाली उतरले, कसं सांगू मी? सांगा की तुम्ही!" त्यांनी मुठीने पत्र्यावर एक दणका मारला. आतून कुठला तरी चौकीदार "कौन है?" म्हणून ओरडला. शिकलगारांनी खुर्चीत बसून कागद मांडीवर घेतला. मग लिहिलं: 'सात, टाकीपर्यंत. पुढे दिसले नाहीत.' बेरजेच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. मग भडंगाचा डबा वंदनाच्या हातात दिला, आमच्याकडे न बघता "जावा आता, ऊन लागंल," म्हणाले आणि पुन्हा मान वर केली. टॅक्सी वळली तेव्हा मागच्या काचेतून ते दिसले. निळ्या भिंतीपुढे एक खुर्ची, टोपीवरचा हात, आणि चेहरा नाहीच, नुसती वर झालेली हनुवटी.

परतीच्या वाटेवर वंदना टॅक्सीत खिडकीशी बसली होती. डबा मांडीवर तसाच. नोएडाचे टॉवर दिसायला लागले तेव्हा म्हणाली, "त्या इमारतीच्या पलीकडे कच्चा रस्ता आहे. मी मागे बघितलाय. तिथे कोणी बसलं तर मागून बाहेर पडणारे दिसतील."

"दिसतील."

"मग दाभाड्यांना फोन लावा. म्हणावं, रविवारी खुर्ची घेऊन तिकडे बसायचं. उन्हात. जेवढे दिसतील तेवढेच लिहायचे."

"अगं, आता कुठल्या तोंडाने बोलवू त्यांना? ते नाही यायचे."

"न यायला काय झालं?" वंदना म्हणाली. "दुप्पट करायला बोलावलं होतं का कोणी?"